ठक्क आवाज नेमका कुठला? मॅन्युअल स्पोर्ट्स कारच्या ड्राइव्हलाइनमधला प्ले शोधण्याची रीत

पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, ठक्क. ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरवर रांगताना ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, ठक्क. पुन्हा दाबला, पुन्हा ठक्क. माझ्या १९९६ च्या माझदा एमएक्स-५ ने (अमेरिकेतली मंडळी हिला मियाटा म्हणतात) हा ताल धरला तेव्हा मी ती इंग्लंडमधल्या, घराजवळच्याच एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने मागचं एकच चाक जॅकवर उचललं, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली आणि चाक हाताने मागेपुढे करून दाखवलं. टायरच्या कडेला जवळजवळ एक इंच प्ले, म्हणजे मोकळी हालचाल. ‘डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा डबा) संपलंय,’ म्हणाला, आणि खर्चाचा कागद हातात दिला.

डिफरन्शिअल ठणठणीत होतं. त्या एका इंचातला अर्धा इंच तर मोजण्याच्या पद्धतीचाच होता, हे पुढे हिशोब मांडल्यावर कळलं. खरा दोष डिफरन्शिअलच्या, थोडक्यात डिफच्या, फाटलेल्या बुशमध्ये (ते धरून ठेवणाऱ्या रबरात) आणि चाकाच्या मध्यावरच्या सैल झालेल्या एका हब नटमध्ये निघाला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! हा दोष शोधायची जी रीत मला सापडली ती इथे क्रमाने देतो. उदाहरण एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीचं, १८०० सीसी आणि पाच गिअरवालीचं आहे, कारण तिचे आकडे माझ्या वहीत आहेत. पण इंजिन पुढे, चाल मागच्या चाकांना आणि हाताने गिअर टाकायचा, अशी कुठलीही गाडी असली तरी तर्क हाच.

प्ले वेगळा, ठोका वेगळा

पहिली गाठ इथे सोडवायची. इंजिनपासून चाकापर्यंत ताकद जाते तेव्हा त्या वाटेत (हीच ड्राइव्हलाइन) किती सांधे लागतात ते मोजा: क्लचप्लेटच्या स्प्रिंगा, क्लचप्लेट आणि इनपुट शाफ्टमधले दाते, गिअरबॉक्समधल्या गिअरजोड्या, गिअर पकडणारे डॉग दाते, प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतच्या लांब दांड्याचा) सरकता सांधा, त्याच शाफ्टचे दोन क्रॉस म्हणजे वाकणारे सांधे, पिनियन आणि क्राउन ही डिफमधली मुख्य गिअरजोडी, डिफमधले छोटे गिअर, हाफशाफ्टचे (डिफपासून चाकापर्यंतच्या दांड्यांचे) वळणारे सांधे म्हणजे सीव्ही जॉइंट, आणि चाक ज्यावर बसतं त्या हबमधले दाते. यातल्या प्रत्येक ठिकाणी केसभर मोकळीक ठेवावीच लागते, नाहीतर तेलाला जागा उरणार नाही आणि सांधा तापून चिकटेल. सगळ्या मोकळिकींची बेरीज म्हणजे तुमच्या गाडीचा प्ले. नव्या गाडीतही तो असतो.

ठोका कधी बसतो? दात एका बाजूला टेकलेला असतो, तुम्ही पाय उचलता, ओढण्याची दिशा उलटते, दात मोकळी जागा ओलांडून दुसऱ्या बाजूला आपटतो. आपटण्याचा जोर दोन गोष्टींवर ठरतो: जागा किती होती, आणि तो धक्का पोटात घ्यायला रबर शाबूत होतं का. प्ले तेवढाच राहून रबर फाटलं तरी ठोका दुप्पट ऐकू येतो. ‘आवाज वाढला म्हणजे प्ले वाढला’ हे गणित म्हणूनच फसतं.

दुसरी गोष्ट गुणाकाराची. माझ्या गाडीत पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.१३६, चौथ्याचं थेट १, आणि डिफचं ४.१. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट ४.१ अंश फिरला की मागची चाकं १ अंश फिरतात. क्लचकडचा १० अंशांचा प्ले पहिल्या गिअरमध्ये चाकाशी जेमतेम पाऊण अंश उरतो, पण हबच्या दात्यांमधला १ अंश चाकाशी अख्खा १ अंशच दिसतो. चाक हलवून पाहणारा माणूस त्यामुळे पुढच्या टोकाचे दोष कमी आणि मागच्या टोकाचे जास्त बघतो. हे लक्षात ठेवा, पुढे मोजताना कामाला येईल.

या गाडीची ठेवण

१९८९ साली शिकागोच्या वाहन प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. तोशिहिको हिराई यांच्या हाताखालच्या चमूने तिच्या पोटातून एक लांब ॲल्युमिनियमची चौकट नेली, गिअरबॉक्सच्या शेपटापासून थेट डिफपर्यंत. तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात, थोडक्यात पीपीएफ. चाकांना जोर लावताना डिफचं नाक वर उचलू पाहतं. ही चौकट तो जोर लांब पल्ल्यावर वाटून घेते. पायाच्या हालचालीला ही गाडी लगेच उत्तर देते त्यातला मोठा वाटा या चौकटीचा.

याचा परिणाम असा, की या गाडीत गिअरबॉक्सला स्वतःचं माउंटिंगच (गाडीच्या सांगाड्यावर टेकवणारा रबरी आधार) नाही. इंजिन, गिअरबॉक्स, पीपीएफ आणि डिफ मिळून एकच लांब कावड झालेली असते. ती चार ठिकाणी टेकलेली: पुढे इंजिनची दोन माउंटिंगं, मागे डिफच्या दोन बाजूंना निघालेल्या हातांमधले बुश. चारांतलं एक जरी बसलं तरी सगळी कावड वळवळते. आणि ॲल्युमिनियम आवाज इतका छान वाहून नेतं की इंजिन माउंटिंगचा ठोका पाठीमागून आल्यासारखा वाटतो. कानावर विसंबून पैसे खर्च करू नका, एवढंच इथे सांगतो.

आधी चालवून बघा

पाने काढण्याआधी एक रिकामा रस्ता आणि पंधरा मिनिटं. आवाज नेमका कधी येतो ते शब्दांत लिहा, कारण ‘कधी’ या प्रश्नात अर्धं उत्तर असतं.

रिव्हर्स घेऊन मग पुढे निघताना एकदाच, बारीक आणि धातूचा ‘टिक्’ येतो, आणि पुन्हा दिशा बदलेपर्यंत गप्प? तर बहुधा हब आणि हाफशाफ्टची जागा. दुसऱ्या गिअरवर १५०० च्या आसपास फेऱ्यांवर पाय वरखाली केला की दर वेळी जाड, रबरी ‘धप्प’? बुश आणि माउंटिंग. निघताना क्लच अर्धा सुटला की अंग थरथरतं आणि मग ठोका? इंजिन माउंटिंग किंवा क्लचप्लेट. वेगाबरोबर वाढणारी किणकिण, किंवा हळू चालताना चाकाच्या फेरीपेक्षा चौपट वेगाने येणारी कुरकुर? प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासा, कारण शाफ्ट चाकापेक्षा ४.१ पट फिरतो.

मग गाडी न्यूट्रलमध्ये टाकून तोच खड्डा, तोच स्पीडब्रेकर पार करा. आता इंजिनचा जोर कुठेच नाही. तरी आवाज आला तर तो सस्पेन्शनचा, ड्राइव्हलाइनचा नव्हे. फक्त ब्रेक मारताना येत असेल तर कॅलिपरमध्ये सैल बसलेले पॅड बघा. एक्झॉस्टचा पाइप पीपीएफला टेकत असेल तर तोही हुबेहूब डिफसारखा ठोकतो. गाडी थंड असताना पाइप हाताने हलवला की दहा सेकंदांत कळतं.

खाली शिरण्याआधी

सपाट, टणक जमीन. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर. जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही, ठोकळे किंवा विटा तर अजिबात नाहीत. चारही जॅक-स्टँड दारांखालच्या मजबूत कडांवर लावा आणि गाडीला खांद्याने हलवून बघा.

या कामापुरती एक खास सूचना. मागचा भाग उचलताना जॅक डिफच्या पोटाखाली लावतात, त्याला हरकत नाही. पण स्टँड लावल्यावर तो जॅक काढून घ्या. डिफ खालून दाबलेलं राहिलं तर फाटलेला बुशही घट्ट बसलेला दिसतो. माझी पहिली तपासणी याच चुकीमुळे वाया गेली. पहार घालून जोर लावला, काही हललं नाही, खूश होऊन घरात गेलो. जॅक तिथेच उभा होता.

इंजिन माउंटिंग

हे उभ्या उभ्या होतं. बॉनेट उघडा, मदतनीसाला आत बसवा, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर घट्ट. पहिला गिअर टाकून क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन दबू लागलं की लगेच परत दाबायचा. तुम्ही बाजूला उभं राहून इंजिनचं वरचं झाकण बघा. गाडीच्या समोर किंवा मागे उभं राहू नका. मग हेच रिव्हर्समध्ये. इंजिन एका अंगाला कलतं ते ठीक, थोडं कललंच पाहिजे. पण कलून ‘धप्प’ करून थांबलं, किंवा एका दिशेला दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त कललं, तर एका बाजूचं रबर धातूपासून सुटलंय. टॉर्चने खालून बघा, भेग बहुधा दिसते. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीत ही माउंटिंगं दाबून बसलेली असणारच. चार पैसे हाताशी असतील तर फार विचार न करता बदला.

डिफचे बुश आणि पीपीएफ

आता गाडी स्टँडवर. डिफच्या दोन्ही हातांच्या टोकाला उभे बोल्ट आहेत, त्यांच्याभोवती रबर. पहार डिफचा हात आणि सबफ्रेम (तो ज्यावर टेकतो ती खालची चौकट) यांच्यामध्ये घालून वर-खाली ताण द्या. चांगला बुश दोनेक मिलिमीटर दबतो आणि स्प्रिंगसारखा परत येतो. फाटलेला आधी मोकळा सरकतो आणि मग अडतो. हाताला हा फरक डोळ्यांपेक्षा आधी कळतो.

शंका राहिलीच तर मोबाइल वापरा. गाडी रॅम्पवर घ्या, चारही चाकं टेकलेली, पाचरी लावलेल्या. फोन चुंबकाच्या स्टँडवर डिफकडे तोंड करून ठेवा, स्लो-मोशन लावा, तुम्ही स्वतः बाहेर या. खाली कोणीही नसताना मदतनीसाने आधीसारखाच ब्रेक दाबून क्लचचा ताण द्यायचा, पुढे आणि रिव्हर्समध्ये. माझ्या व्हिडिओत डिफच्या डाव्या हाताचं टोक बोटाच्या पेराएवढं उसळताना दिसलं. गॅरेजातल्या त्या एका इंचाचा धाक तिथेच उतरला.

पीपीएफचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा: १०४ ते १२३ न्यूटन-मीटर. पूर्वी कोणी गिअरबॉक्स उतरवला असेल तर हे बोल्ट कमी आवळलेले असण्याची शक्यता बरीच. प्रत्येकावर रंगाची एक रेघ मारून ठेवा, पुढच्या वेळी सैल झाला का ते नजरेनेच कळेल.

मात्र पीपीएफ उगाच सोडू नका. मघाशी म्हटलं तसं गिअरबॉक्सला दुसरा आधार नाही. चौकट काढली की त्याचं शेपूट खाली झुकतं, इंजिनचं डोकं मागे कलतं, आणि सिलिंडर हेडच्या मागे बसलेला कॅमचा सेन्सर आतल्या पत्र्यावर आदळून फुटतो. काढायचीच असेल तर आधी गिअरबॉक्सखाली जॅक द्या. परत बसवताना चौकट किती उंचीवर यायला हवी याचं माप वर्कशॉप मॅन्युअलमध्ये आहे. ते न पाळता आवळली तर आधी नसलेली थरथर नव्याने पदरात पडते.

क्रॉस

साताऱ्याला आमच्या घराजवळ जीप आणि ट्रॅक्टरचं गॅरेज होतं. तिथले मिस्त्री क्रॉस तपासताना एक हात शाफ्टवर, दुसरा फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडायच्या चकतीवर) ठेवून फडकं पिळावं तसं उलटसुलट पिळायचे, आणि डोळे मिटायचे. डोळे का मिटता, असं मी विचारलं होतं. ‘बघायचं नाय, ऐकायचंय हाताला,’ म्हणाले. याहून चांगली रीत मला अजून मिळालेली नाही. क्रॉसमध्ये हाताला जाणवेल असा कुठलाही प्ले चालत नाही. पिळून झालं की शाफ्ट वर-खाली उचलून बघा. सांध्याच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतली ग्रीस सुकून बेअरिंगच्या सुया गंजल्या असं समजा.

शाफ्ट काढायची वेळ आली तर फ्लँजच्या दोन्ही अर्ध्यांवर रंगाची खूण केल्याशिवाय बोल्टला हात लावू नका. तो जसा होता तसाच बसला पाहिजे. क्रॉस सुटा बदलता येईल की अख्खा शाफ्ट घ्यावा लागेल हे टोपी क्लिपने अडकवली आहे की ठोकून बंद केली आहे यावर ठरतं. मागवण्याआधी आपल्या शाफ्टवर बघून घ्या.

हब नट: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

हाफशाफ्टचं बाहेरचं टोक दात्यांनी हबमध्ये शिरतं आणि बाहेरून एक मोठा नट त्याला आवळून धरतो. तो थोडा सैल झाला, किंवा सीव्ही जॉइंटचा खांदा आणि बेअरिंगची आतली कडी यांच्यामध्ये गंज बसला, की दर दिशाबदलाला हे दोन पृष्ठभाग चिकटतात आणि झटक्याने सुटतात. हाच तो ‘टिक्’. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा इथल्या गाड्यांत हे ठरलेलं. मुंबईच्या किंवा कोकणच्या खाऱ्या हवेतल्या जुन्या गाडीतही वेगळं काही घडणार नाही.

कृती अशी. चाकं जमिनीवर टेकलेली, हँडब्रेक ओढलेला, चाकाच्या मधलं झाकण काढलेलं. नटाची कडा खोबणीत ठोकून वाकवलेली असते, ती छिन्नीने हळूच उचला. नट २९ मिलिमीटरचा. सोडायला लांब दांडा लागेल, तो पाईपने वाढवला तरी चालेल, पण हे काम चाक हवेत असताना करू नका. एवढ्या जोराने गाडी स्टँडवरून घसरू शकते. नट ढिला झाला की मग गाडी उचला, चाक काढा, नट दोन आटे राहील इतका मागे घ्या आणि शाफ्टवर मऊ हातोड्याने आत ठोका. शाफ्ट दहा-पंधरा मिलिमीटर आत सरकतो. दोन्ही पृष्ठभाग तारेच्या ब्रशने साफ करा, दात्यांवर आणि खांद्यावर गंजरोधक ग्रीसचा पातळ हात फिरवा. शाफ्ट परत ओढून घ्या, नवा नट लावा, चाक टेकवा आणि २१७ ते २९४ न्यूटन-मीटरला आवळून कडा पुन्हा खोबणीत ठोका. साधा टॉर्क रेंच अनेकदा २०० लाच संपतो. मोठा भाड्याने आणा, पण ‘अंगाचा जोर पुरेसा’ असं मनाशी ठरवू नका.

दात्यांवर हात फिरवताना त्यांना पायरी लागली असेल, म्हणजे दात एका बाजूने झिजून धारदार झाले असतील, तर नट आवळून काही साधणार नाही. हब किंवा शाफ्ट, जो झिजला असेल तो बदला.

आता मोजायचं

हात आणि डोळ्यांनी जे कळायचं ते कळलं. तरी ‘गिअरबॉक्स की डिफ’ हा प्रश्न उरला असेल तर मोजल्याशिवाय कोणाचंही ऐकू नका, माझंही.

एक हलकी लाकडी पट्टी घ्या आणि होज क्लिपने प्रोपेलर शाफ्टला आडवी बांधा, टोक जमिनीकडे. शाफ्टच्या मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर साधारण २९ सेंटिमीटर ठेवा. या लांबीवर टोक ५ मिलिमीटर सरकलं की शाफ्ट १ अंश फिरला. माझ्या टायरची (१८५/६० आर १४) त्रिज्याही जवळपास तेवढीच असल्यामुळे टायरच्या कडेलाही १ अंशाला ५ मिलिमीटरच येतात. दोन्हीकडे एकच मोजपट्टी चालते. टोकाशेजारी पुठ्ठा उभा करून त्यावर पेन्सिलीने खुणा करा.

पहिलं माप, मागच्या बाजूचं. गिअर न्यूट्रल, मदतनीसाचा पाय ब्रेकवर, चाकावर खडूची खूण. शाफ्ट हलक्या हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. चाकावरची खूण हलली असेल तर पॅड सरकताहेत, ते माप टाकून द्या. जे उरतं ते डिफ, सीव्ही आणि हब यांचं. माझं आलं ५ अंश.

दुसरं माप, पुढच्या बाजूचं. ब्रेक सोडा, मागची दोन्ही चाकं हवेत मोकळी, इंजिन बंद, पहिला गिअर. आता शाफ्टला अडवणारं फक्त इंजिनचं कॉम्प्रेशन. शाफ्ट आधी मोकळा फिरेल, मग स्प्रिंगसारखा ताण लागेल. मोकळं असेतो मोजा. ताण लागला तिथून पुढे क्लचप्लेटच्या स्प्रिंगा, तो प्ले नव्हे. मग हेच चौथ्या गिअरमध्ये. माझं पहिल्यात ४ अंश, चौथ्यात ७.

या दोन आकड्यांतला फरक फार बोलका असतो. क्लचकडून आलेला प्ले पहिल्या गिअरमध्ये ३.१३६ ने भागून शाफ्टपर्यंत पोचतो, चौथ्यात मात्र जसाच्या तसा. म्हणून चौथ्याचं माप पहिल्याच्या दुपटी-तिपटीने मोठं आलं तर क्लचप्लेटच्या मधल्या दात्यांकडे आणि सैल स्प्रिंगांकडे बघा. दोन्ही मापं मोठी आणि सारखीच आली तर दोष गिअरबॉक्सच्या मागच्या अंगाला किंवा सरकत्या सांध्यात. एकाच गिअरमध्ये मोठं आलं, आणि तोच गिअर पाय उचलल्यावर निसटतो, तर त्या गिअरचे डॉग दाते गोल झाले. तो मात्र खरंच गिअरबॉक्स उघडायचा प्रसंग.

आता गॅरेजातल्या त्या एका इंचाकडे वळू. पहिल्या गिअरमध्ये माझ्या शाफ्टवर एकूण प्ले ५ अधिक ४, म्हणजे ९ अंश. ४.१ ने भागला की दोन्ही चाकं मिळून २.२ अंश. पण एक चाक जमिनीवर रोखून दुसरं हलवलं की डिफ आपला धर्म पाळतं: रोखलेल्या चाकाच्या वाटणीचं फिरणंही मोकळ्या चाकाला देतं. म्हणजे दुप्पट, ४.४ अंश. टायरवर ४.४ गुणिले ५, बावीस मिलिमीटर. जवळजवळ एक इंच! त्या माणसाने खोटं दाखवलं नव्हतं. जे दिसलं त्याचा अर्थ चुकीचा लावला होता.

क्राउन आणि पिनियनच्या दात्यांमधली मोकळीक या गाडीत साधारण ०.१ मिलिमीटर असते. सात इंची क्राउनच्या कडेला एवढी मोकळीक म्हणजे पिनियनवर पाव अंशाच्या आसपास. माझ्या ५ अंशांत क्राउन-पिनियनचा वाटा एवढाच; बाकीचा डिफमधल्या छोट्या गिअरांचा, सीव्हीचा आणि दात्यांचा. ‘क्राउन-पिनियन सेट बदलू या’ असं कोणी म्हणालं तर आधी विचारा, ओरडतोय का? घासलेला क्राउन-पिनियन वेगात सूर काढतो, ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की तो सूर बदलतो. नुसत्या ठोक्यावरून त्याला दोषी धरता येत नाही.

इंजिनच ढकलतंय का?

सगळी मापं बरी आली, बुश बरे, तरी हळू गाडीत झटके बसताहेत, असंही होतं. तेव्हा चूक सांध्यांची नसून त्यांना धक्का देणाऱ्याची असते. पाय पूर्ण उचलला की इंजिन काही फेऱ्यांच्या वर पेट्रोल पूर्ण बंद करतं, आणि फेऱ्या उतरल्यावर पुन्हा सुरू करतं. थ्रॉटलची केबल फार सैल असेल, थ्रॉटल बॉडीत काजळी धरून झडप चिकटत असेल, किंवा झडपेचा सेन्सर बंद स्थिती नीट सांगत नसेल, तर हे बंद-चालू झटक्यात होतं. केबल बोटाने दाबून बघा. तीनेक मिलिमीटरपेक्षा जास्त ढिली असेल तर नट फिरवून घ्या. थ्रॉटल बॉडी क्लीनरने पुसा. दहा मिनिटांच्या या कामाने माझ्या एका मित्राच्या गाडीचा ‘डिफचा आवाज’ गेला.

क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पायाचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा) या गाड्यांत गळतो. क्लच पूर्ण न सुटल्यामुळे गिअर टाकताना आपटतो, आणि लोक त्यालाही प्ले म्हणतात. रबरी टोपी मागे सारून आत ओल आहे का बघा.

काय आधी, काय नंतर

हब नट, पीपीएफचे बोल्ट, केबल आणि तेल: हे पहिल्या शनिवारी. गिअरबॉक्समध्ये २ लिटर ७५डब्ल्यू-९० जीएल-४ दर्जाचं तेल, डिफमध्ये १ लिटर जीएल-५ दर्जाचं (१६०० सीसीच्या लहान डिफला साधारण ०.६५). उलटं करू नका. काही जीएल-५ तेलं गिअरबॉक्समधल्या, गिअर अलगद जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगना मानवत नाहीत. जुनं तेल पांढऱ्या ताटलीत काढा. चुंबकी बुचावर करडा लगदा असतोच. तांदळाच्या कणीएवढा तुकडा मिळाला तर मात्र थांबा. आणि ठोका घालवायला जाड तेल भरायची युक्ती कोणी सुचवली तर हसून सोडून द्या, तेलाने दातांमधली जागा कमी होत नाही.

त्यानंतर माउंटिंग आणि बुश, जमल्यास एकाच वेळी. नवे दोन आणि जुने दोन ठेवले तर सगळा धक्का जुन्यांवर येतो. पॉलियुरेथेनचे कडक बुश घालायचा मोह होईल. घाला, पण मग डिफचा प्रत्येक सूर सीटमधून पाठीत शिरेल. ट्रॅकवर न जाणाऱ्या गाडीला मूळ रबरच बरं, असं माझं मत. हलकं फ्लायव्हील किंवा स्प्रिंग नसलेली क्लचप्लेट आधीच्या मालकाने बसवली असेल तर न्यूट्रलमधली खडखड हा तिचा स्वभाव आहे, दोष नव्हे.

क्लचप्लेट, गिअरबॉक्स, डिफ ही सगळ्यात शेवटी, आणि मोजलेला आकडा हातात असेल तरच.

मी हब नट केले आणि ‘टिक्’ त्याच दिवशी गेला. ‘धप्प’ तसाच राहिला. दोन आठवड्यांनी डिफ उतरवलं. डावा बुश हातात आला तेव्हा मधली नळी रबरातून पूर्ण सुटून अंगठीसारखी फिरत होती, उजव्याला अर्ध्या घेराची भेग. नवे दाबून बसवले, पीपीएफ माप बघून आवळली, आणि पट्टी बांधून पुन्हा मोजलं. मागच्या बाजूचा प्ले ५ वरून साडेचारवर आला होता, तो अर्धा अंश हब नटाचा. पुढचा होता तेवढाच. आवाज मात्र नाही. वही अजून गॅरेजच्या फळीवर आहे. दर मार्चमध्ये, मीठ टाकणं संपलं की, पट्टी बांधतो आणि तीन आकडे लिहितो.